बैलांना वरचंच पाणी

गाडी चुकली होती, पण माघी हार मानणाऱ्यातली नव्हती. बाजारात सुकटवालीशी घासाघीस करताना उशीर झाला आणि ती धावत जव्हारच्या लाकडाच्या वखारीपाशी पोचली, तोवर गाडी पहिल्या वळणाआड गेली होती. तिने सरळ पायवाट धरली, करवंदीच्या जाळीतून घसरत खाली उतरली आणि गाडीच्या आधी वळणाच्या दुसऱ्या टोकाला येऊन रुळांच्या मधोमध उभी राहिली. डोक्यावर टोपली, कमरेवर हात.

गाडी आली. ब्रेकवर एक उंच, सावळा तरुण होता. त्याने दांडा दोन्ही हातांनी मागे ओढला, चाकं करकरली, बायकांनी एकमेकींना धरलं आणि गाडी माघीच्या पुढ्यात येऊन थांबली.

"रुळात उभी ऱ्हातात काय गे?" त्याने विचारलं. आवाज चढवायचा त्याने प्रयत्न केला, पण तो काही चढला नाही.

"उभी ऱ्हायली म्हणून तं थांबलास," माघी म्हणाली. "मघाशी हाका मारत व्हती, तवा कान कुठं ठेवलेले?"

"कान इथंच व्हते. चाकांचा आवाज व्हता."

"मग चाकांना तेल घाल."

गाडीतल्या बायका फसकन हसल्या. तो बाजूला सरकला आणि हात पुढे केला. माघीने त्याच्या हातात आपला हात दिला नाही, टोपली दिली. स्वतः उडी मारून वर चढली.

"नाव काय तुझं?"

"गाडीत बसायला नाव लागतं?"

"गाडीला नाय लागत," तो म्हणाला. मग जरा थांबून, रुळांकडे बघत, "...माला लागतं."

तिने नाव सांगितलं. माघी, उंबरपाड्याच्या सावळ्याची मुलगी. त्याचं नाव ढवळू, हे तिला विचारावंच लागलं नाही. शेजारच्या बाईने आपणहून कानात सांगून टाकलं.

ही गोष्ट संस्थानाच्या दिवसांतली. जव्हारच्या दरबाराने जंगलातला साग आणायला साखरशेतपर्यंत एक छोटा रूळ टाकला होता. आज शोधायला जाल तर तो सापडायचा नाही, गोष्टीतले रूळ गोष्टीतच राहतात. इंजिन वगैरे काही नव्हतं. चढाला पोवळ्या आणि खैऱ्या ही बैलजोडी गाडी ओढायची. उताराला त्यांना सोडून मागे बांधायचं, गाडी आपल्या वजनाने खाली जायची, आणि ती किती जोरात जाईल हे एकट्या ढवळूच्या हातात असायचं. बैल हाकायला नवशा नावाचा गडी होता. बाजाराच्या दिवशी लाकडाच्या जोडीला माणसांनीही बसावं, अशी दरबाराची मेहरबानी होती. मेहरबानीला बाक नव्हते, छप्परही नव्हतं. सकाळी ओंडक्यांवर बसायचं, संध्याकाळी रिकाम्या फळ्यांवर.

आणि ओव्हरसियर साहेबांचा एक कडक नियम होता. उतारावर ब्रेकवाल्याशी कोणी बोलायचं नाही.

माघीने नियम पाळला. बोलली नाही. पण ब्रेकवाल्याची नजर रुळावर असावी लागते हे तिच्या लक्षात आलं होतं, म्हणून त्या दिवसापासून ती गाडीच्या अगदी पुढच्या कडेला, रुळाच्या रेषेत बसू लागली. आता ढवळूने पुढे बघायचं म्हटलं तरी पंचाईत आणि न बघायचं म्हटलं तरी पंचाईत. तिच्या अंबाड्यात कधी कुर्डूची फुलं असायची, कधी नुसतं गवताचं पातं अडकलेलं असायचं. ती एकदाही मागे वळायची नाही. वळायची गरजच नव्हती. त्याची नजर मानेवर उन्हासारखी जाणवायची.

साखरशेतला रूळ संपायचा. तिथून उंबरपाडा वर डोंगरात, चांगली दमवणारी चढण. पाड्यातल्या बायका टोपल्या डोक्यावर घेऊन निघायच्या. पहिल्याच आठवड्यात मागून घंटांचा आवाज आला. माघीने वळून पाहिलं तर ढवळू पोवळ्या-खैऱ्याला घेऊन चढण चढत होता.

"कुठं निघालास?"

"बैलांना पाणी पाजाया."

"खालच्या वखारीला टाकी हाय की."

"टाकीचं पाणी त्यांना नाय आवडत," ढवळू गंभीरपणे म्हणाला. "त्यांना वरच्या ओहळाचंच पाणी लागतं."

पोवळ्या नुकताच टाकीवर पोटभर पाणी प्यायला होता. त्याच्या तोंडावरून अजून थेंब गळत होते. माघीने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मग ते दर बाजाराला ठरूनच गेलं. साखरशेतला गाडीत लाकूड भरायला नवशाला वेळ लागायचा, तेवढ्यात ढवळू उंबरपाड्याच्या ओहळापर्यंत जाऊन यायचा. गाडीवर मुका असलेला हा माणूस पायवाटेवर किती बोलायचा! रानडुकराने गाडी कशी अडवली, साहेबांची टोपी दरीत कशी उडाली, सगळं सांगायचं त्याला याच वाटेवर सुचायचं. माघी वरून टोमणे मारायची आणि आतून ऐकत राहायची. थंडी पडायला लागली होती. शेतात नागलीची कणसं खुडून झाली होती, वाटेवर वाळल्या गवताचा वास असायचा. बाकीच्या बायका पुढे निघून जायच्या, आणि पुढे गेल्यावर मुद्दाम मोठ्याने म्हणायच्या, "काय गोड असल गे ते ओहळाचं पाणी!" बिचारे बैल. त्यांच्याइतकं पाणी त्या साली जव्हारात कोणी प्यायलं नसेल.

आपल्याला हा आवडतो, हे माघीला एका संध्याकाळी स्वच्छ कळलं. काही विशेष घडलं नव्हतं. तिच्या पायात काटा गेला होता, तो काढायला ती दगडावर बसली, आणि ढवळू काहीही न बोलता तिच्या आईच्या डोक्यावरची टोपली घेऊन पुढे चालू लागला. आईचं नाव काळी, ती बाजारात करांद्याचे कंद आणि नागली विकायची. वर्षानुवर्षं ओझं वाहून तिची मान एका बाजूला झुकली होती, रात्री ती कुशीवर वळायची तर कण्हायची. माघीचा काटा कोणीही काढला असता. आईची मान ढवळूने पाहिली होती. माघीला त्या क्षणी फार आनंद झाला आणि तिने तो कोणाला सांगितला नाही.

त्या मानेसाठीच तिने पुढचं सगळं केलं.

ओव्हरसियर साहेब वखार तपासायला साखरशेतला आले, तेव्हा ती सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. बायका मागे घोळका करून थांबल्या.

"साहेब, गाडी उंबरपाड्यापर्यंत न्या," ती म्हणाली. "वर छप्पर घाला, बसाया बाक घाला. आन बाजारालाच का, रोज चालू द्या. पाड्यातली माणसं रोज जव्हारात कामाला जातात, पायी."

साहेब मनाने वाईट नव्हते. फक्त त्यांना रूळ लाकडासाठी असतो असं वाटायचं. "अगं, दरबाराला खर्च किती येईल? आणि एवढीशी तर वाट आहे."

"एवढीशीच हाय," माघी म्हणाली आणि आईची टोपली उतरवून त्यांच्यापुढे ठेवली. "ही घेऊन चला की माझ्यासंगं. बोलत बोलत जाऊ."

साहेबांना नाही म्हणता येईना. त्यांनी टोपली खांद्यावर घेतली, चार पावलं ऐटीत टाकली, आणि पहिल्या चढावरच्या आंब्याखाली ती खाली ठेवून बराच वेळ आंब्याचा मोहर बघत उभे राहिले. मोहर अजून यायचा होता. परत आले ते हसतच.

"बरं. मी दरबारात शब्द टाकतो. पण वरून माणसं बसतील का, हे कोण सांगणार?" त्यांची नजर ढवळूवर गेली. "तू जातोस ना रे नेहमी वर? बैलांना पाणी पाजायला म्हणे."

बायकांनी पदर तोंडाला लावले. ढवळू मात्र हसला नाही. त्याने माघीकडे पाहिलं, मग पायवाटेकडे. मग काळीकडे, जी दगडावर बसून मान चोळत होती.

"बसतील साहेब," तो म्हणाला. "पुरी गाडी भरंल."

माघीला तेव्हा वाटलं, आपण डोंगर जिंकला. त्या संध्याकाळी ती उड्या मारत चढण चढत होती. बाक कसे असावेत, छप्पर कसलं असावं, सगळं तिच्या डोळ्यांपुढे दिसत होतं. निम्मी वाट झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की मागून फक्त घंटा वाजतायत, बोलणं ऐकू येत नाही.

"तू गप का?"

"नाय, काय नाय." ढवळूने खैऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. "आता बैलांना वर आणाया लागनार नाय, तेच म्हणत व्हतो. गाडीच येईल वर."

माघी थांबली. पुढचं ती मनातच बोलली. गाडी दारापर्यंत येईल, आपण बाकावर बसू, हा ब्रेकवर उभा राहील... आणि ब्रेकवाल्याशी बोलायचं नाही. ही वाटच राहणार नाही. आणि ती आपणच मोडली, हौसेने, सगळ्यांसमोर.

"तू नाय म्हणाला असतास तं?" तिने हळूच विचारलं.

"तं गाडी आली नसती."

"मग... 'नाय' असं का नाय म्हणालास?"

ढवळू ओहळापाशी वाकला. बैलांनी पाण्याला तोंडही लावलं नाही, त्यांची पोटं तट्ट होती. "आयसची मान मोडल तुझ्या," तो म्हणाला. एवढंच बोलला आणि बैल वळवून उतरणीला लागला.

माघी त्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. गाडी हवीच होती, त्याचा तिला क्षणभरही पस्तावा झाला नाही. पण ढवळूही हवा होता. आणि दोन्ही मिळवायचं, असं तिने तिथेच, ओहळाच्या काठावर ठरवून टाकलं.

दरबाराची मंजुरी आली. मग बाजाराची गाडी बंद ठेवून रूळ टाकायचं काम सुरू झालं आणि ढवळूला त्यावर लावलं. माघीला तो लांबूनच दिसायचा, उघड्या पाठीने रुळाखालचे लाकडी स्लीपर उचलताना, धुळीने माखलेला. ढवळूच रूळ रोज थोडा थोडा तिच्या घराकडे आणत होता. कधी मान वर करून तो पाड्याकडे बघायचा, तेव्हा ती कुडाआड सरायची. बोलणं नाही ते नाहीच. त्या दिवसांत तिला जेवण गोड लागलं नाही, आणि ती आईवर उगाच चिडायची.

पळस फुलले, मोहाचा वास रानभर सुटला, आणि नवी गाडी सुरू झाली. काय थाट होता! डोक्यावर पत्र्याचं छप्पर, खाली सागाचे बाक, बैलांच्या शिंगांना झेंडूची माळ. साहेब स्वतः पुढे बसले होते. संध्याकाळी जव्हारहून निघालेली गाडी उतार उतरून साखरशेतला आली. काळी बाकावर टेकून बसली होती, टोपली पायाशी, दोन्ही हात रिकामे. रिकाम्या हातांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं, म्हणून ती ते बाकावरून फिरवत होती. माघी तिच्याकडे बघून पोटभर हसली.

नवशाने बैल पुढे जोडले. आता वरची चढण. तेवढ्यात माघी उठली.

"मी इथंच उतरते."

"इथं का गे?" काळी म्हणाली. "घर वर हाय. गाडी तूच मागितली ना?"

"तुझ्यासाठी मागितली. माला चालायचं हाय." आणि ती उतरली. ब्रेकच्या बाजूने उतरली, अगदी ढवळूच्या समोरून, आणि आज मात्र तिने वळून पाहिलं. सरळ त्याच्या डोळ्यांत.

नियम उतारावरचा होता. ही तर चढण होती.

ढवळू अडखळत साहेबांना म्हणाला, "साहेब... चढाला ब्रेक लागत नाय. लागलाच तं नवशा धरंल."

साहेबांनी मुलीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि मिशी चाचपली. "उतरताना मात्र हजर पाहिजेस. तुझ्याशिवाय गाडी खाली येणार नाही."

गाडी छपरासकट, हसण्याखिदळण्यासकट वर निघून गेली. पायवाटेवर दोघंच उरली. गवत जळलेलं, वर पळसाचा लाल रंग, लांबवर जाणारी घंटा.

"आज बैल नायत," माघी म्हणाली.

"नायत."

"म्हणजे पाणी पाजाया नाय आलास."

"नाय."

"मग कशाला आलास?"

ढवळूने घसा साफ केला. सगळं रान ऐकतंय असं त्याला वाटत असावं. "तुझ्यासाठी," तो म्हणाला. "पयल्यापासून तुझ्यासाठीच येत व्हतो, माघी. बैलांना तं ओहळाचं पाणी कवाच नाय आवडलं."

"माहीत हाय माला," ती म्हणाली. "पोवळ्याच्या तोंडावरून पयल्याच दिवशी टाकीचं पाणी गळत व्हतं."

"आन तू बोलली नाय?"

"बोलले असते तं आला नसतास." ती क्षणभर थांबली. "माला तू यावास असं वाटत व्हतं. आताबी वाटतं. रोज."

त्या दिवशी त्याने हात पुढे केला तेव्हा तिच्याकडे द्यायला टोपली नव्हती. तिने हातच दिला.

चढण ती दोघं इतकी सावकाश चढली की दिवस बुडायला आला. उंबरपाड्याच्या तोंडाशी आल्यावर दोघांच्या ध्यानात आलं की गाडी तिथेच उभी आहे. असणारच. ब्रेकवाल्याशिवाय ती उतरणार कशी? बाकांवर बायका, खाली पुरुष, एका कडेला साहेब, सगळा पाडा वाटेकडे डोळे लावून बसला होता. माघीने हात सोडवायचा प्रयत्न केला नाही. आता सोडवून काय उपयोग.

गर्दीतून तिचा बाप सावळ्या पुढे आला. त्याच्या हातात रिकामी बादली होती. त्याने ढवळूला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"बैलांना पाणी पाजलं आम्ही," तो म्हणाला. "पुढच्या बाजाराला येशील, तवा आयस-बापसाला घेऊन ये."