जिन्याखालची दुसरी पेटी

२००७ साली घोडेगावातला अरिहंतचा फोटो स्टुडिओ भलताच आधुनिक झाला होता. पुढच्या कॉम्प्युटरवर ‘झेड’ नावाचा ड्राइव्ह दिसायचा, पण त्यातले फोटो राहायचे जिन्याखालच्या डिस्कच्या दोन काळ्या पेट्यांत, दोन्हींत तेच. एक पेटी बंद पडली तर दुसरीनं गुपचूप तिची जागा घ्यायची, पुढं बसलेल्याला कळूही द्यायचं नाही. निदान अरिहंत तसं ठासून सांगायचा. खरं तर दुसरीतल्या डिस्क काढून त्यानं घरी सिनेमे साठवायला नेल्या होत्या.

सोमवारी पहिली पेटी जळाली. त्यातलं सगळं गेलं. बुधवारी आहुप्याच्या एसटीनं साळुबाई आली.

तिचा मुलगा चांगदेव गेल्या पावसाळ्यात ओढ्यात वाहून गेला होता. त्याचा एकच फोटो होता, गावातल्या लग्नात अरिहंतनं काढलेला. चांगदेव गेल्यावर तो न्यायला ती आली होती, पण तिला बघवला नाही. “राहू द्या मावशी, दोन मशिनींत ठेवलाय,” असं अरिहंतच म्हणाला होता.

“परवा वर्षश्राद्ध हाय, भाऊ. आता द्या फोटू. मला त्याचं त्वांड आठवंना झालंय.”

अरिहंतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायची हिंमत होईना. रिकामा पडदाच दाखवावा, मशीनच काय ते सांगेल, असा भेकड विचार करून त्यानं ‘झेड’वर क्लिक केलं.

तो उघडला.

आहुप्याचं लग्न, भरलेला मांडव, आणि मधोमध थेट समोर बघत दात काढून हसणारा चांगदेव.

“पाणी आणतो,” म्हणून अरिहंत जिन्याखाली गेला. दुसऱ्या पेटीची वायर खिळ्याला गुंडाळलेली होती. आतले खण रिकामे होते. त्यानं तिच्यावर हात ठेवला. पेटी गरम होती.

बाहेर साळुबाई पडद्यावरून हात फिरवत होती. “दोन मशिनी व्हत्या म्हून वाचलं. लई उपकार झालं, भाऊ.”

आत्ता तरी सांगावं, असं त्याला वाटलं.

“म्हणून तर ठेवल्यात, मावशी,” तो म्हणाला. स्वतःचीच लाज वाटून त्याचे कान तापले.

प्रिंटरमधून फोटो आला. साळुबाई बराच वेळ बघत राहिली.

“ह्यो खाली का बघतोय?” मग तिनंच स्वतःची समजूत घातली. “लाजलं जणू माझं लेकरू.”

फोटो पदरात गुंडाळून ती गेली.

अरिहंतनं पडद्याकडं पाहिलं. चांगदेवची मान खाली होती. नवरदेवाची, वाजंत्र्यांची, मांडवातल्या झाडून सगळ्यांची.