उलटी लावलेली फांदी

दिवा जरा मोठा करा, म्हणजे कुंडी नीट दिसेल. भेंडीचं झाड आहे. भाजीची भेंडी नव्हे, समुद्रकाठी वाढते ती. फूल सकाळी पिवळं उमलतं, संध्याकाळी तांबूस होऊन गळतं. आईच्या दारात होतं. समुद्राने घर नेलं, आईला नेलं, झाडही नेलं. किनाऱ्यावर मला एक फांदी सापडली, तेवढीच.

रोपवाटिकेत तीस वर्षं काढली आहेत मी. फांदी लावताना खालचं टोक तिरकं कापायचं, वरचं सरळ, आणि वरच्या टोकाला मेण लावायचं. म्हणजे उलटसुलट होत नाही. ही लावताना मात्र डोळ्यांत पाणी होतं. तरी तिने मूळ धरलं, कोंब फुटले. मी कुंडी गच्चीत ठेवली. समुद्र इथून दिवसभराच्या वाटेवर आहे.

मग कुंडी सरकायला लागली. रोज सकाळी समुद्राच्या बाजूला वीतभर गेलेली असायची. खालच्या ताटलीत पाणी साचलेलं, चाखलं तर खारट. मी ओढून जागेवर आणायची. शेवटी गच्चीच्या दाराच्या कडीला दोरीने बांधली. धाकट्या भावाने ते पाहिलं आणि त्याची बोबडीच वळली.

"ताई, ज्याचं आहे त्याला देऊन टाक..."

मी म्हटलं, समुद्राने आई घेतली तेवढं पुरे झालं. आता त्याला पानसुद्धा मिळायचं नाही.

गेल्या आठवड्यात एका दुपारी कुंडी बदलायला बसले. माती झटकली आणि हात थांबला. मुळं फुटलेलं टोक सरळ कापलेलं होतं. वरचं मेण खरवडलं, तर खाली तिरका काप. इतके महिने मी तिला डोकं खाली करून पुरलं होतं... आणि मुळांच्या जाळीत, ओल्या मातीत, एक पिवळंधमक फूल उमललेलं होतं.

रडू आलं, स्वतःचा रागही आला. मुळं आणि कोंब दोन्ही छाटून फांदी सुलटी लावली. असं केलं की झाड मरतं, हे मला कोणी शिकवायला नको.

"आई," मी म्हटलं, "आता श्वास घे."

दुसऱ्या दिवशी दोरी सुटलेली होती आणि कुंडी आत, उंबऱ्यापाशी आली होती. काल माझ्या खाटेशी पोचली. भाऊ आता इकडे फिरकत नाही. मी खुशाल झोपते.

आज सकाळी त्या बिनपानाच्या फांदीला हे फूल आलं. दिवेलागण झाली तरी पिवळंच आहे, बघा. त्याचं तोंड माझ्याकडे नाही, जिन्याच्या दाराकडे आहे. दाराखालून ती खाऱ्या वासाची ओल येते आहे ना, मघाशी नव्हती.

पाय वर घेऊन बसा. आई आणि मी, दोघी आहोत इथे.