या एकदा आमच्याकडे

धीरज आईला वर्षभर इटलीची स्वप्नं दाखवत होता. समुद्रकाठची जुनी शहरं, आपल्यापुरती खास गाडी, सोबत गाइड, एका दिवसात तीन-चार गावं. मग बँकेने रजा नाकारली, आणि प्रभावतीबाई सप्टेंबरात मुलाकडे टोकियोजवळ उरायासूला येऊन दाखल झाल्यावर त्याने तीच सहल जपानी करून टाकली. "समुद्र तोच, आई. गावंही जुनीच. वर व्हिसाची कटकट नाही." ऐनवेळी तो स्वतः ऑफिसात अडकला. त्यामुळे सेन्दाई स्टेशनबाहेर गाडीत बसल्या त्या दोघीच, सासू आणि सून अस्मिता.

गाइड ओइकावा-सान साठीचे, पांढरे हातमोजे घालणारे, विचारलं तेवढंच सांगणारे. शिओगामाचं देऊळ झालं, मात्सुशिमाची बेटं झाली. अस्मिता दिवसभर या भाषेतून त्या भाषेत हमाली करत होती. त्यातून प्रभावतीबाईंना भेटेल त्याला घरी बोलवायची सवय. देवळात ताईत विकणाऱ्या मुलीला, बोटीच्या तिकीटवाल्याला, सगळ्यांना "या हं एकदा आमच्याकडे!" अस्मिता त्याचं भाषांतर "आई आभार मानताहेत" एवढंच करायची. कोण येणार होतं? आणि कोणी यावं अशी कोणाची इच्छा होती?

दुपारी इशिनोमाकीच्या पलीकडच्या एका लहानशा बंदरावर गाडी थांबली. पूर्वी इथे तांदळाची गलबतं लागत. तीन वर्षांपूर्वी मार्चच्या थंडीत आलेल्या त्सुनामीनंतर उरलं होतं ते गवत आणि गवतात घरांचे चौथरे. ओइकावा-सान गाडी वळवायला पुढे गेले आणि प्रभावतीबाईंना नेमकी तेव्हाच बाथरूम हवी झाली.

गवताच्या टोकाला एक घर उभं होतं. दारातल्या म्हातारीने काही सांगायच्या आत ओळखलं आणि दोघींना आत घेतलं. बाहेर अंग चिकचिकत होतं, आत घासलेटची शेगडी पेटलेली. म्हातारीच्या अंगात कापूस भरलेलं जाड जाकीट होतं. शेगडीला लागून बसूनही अस्मिताच्या तोंडातून वाफ निघत होती. जुन्या घरांत गारवा असतो, असं तिने स्वतःला बजावलं.

म्हातारीने चहा दिला, मुळ्याचं लोणचं दिलं, आईंच्या पाठीला उशी दिली. अस्मिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या देशात कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत, आणि तिच्या पर्समध्ये साधा बिस्किटांचा पुडासुद्धा नव्हता.

"म्हणावं, या एकदा आमच्याकडे," सासूबाई म्हणाल्या.

द्यायला दुसरं काही नव्हतं म्हणून अस्मिताने या वेळी ते शब्दशः सांगितलं. म्हातारीने कप खाली ठेवला.

"खरंच चालेल?"

"हो, नक्की या."

"आम्ही बरेच जण आहोत."

"सगळे या," अस्मिता हसून म्हणाली. एकदा बोलवायचंच, तर त्यात कंजुषी कशाला? पत्ताही सांगितला, मजल्यासकट. म्हातारीने तो पुटपुटत पाठ केला आणि कपाळ चटईला टेकेपर्यंत वाकून नमस्कार केला.

परतल्यावर ओइकावा-सान म्हणाले, "बाथरूम इथून बरीच लांब आहे. निघू या?"

"गरज नाही. त्या घरात जाऊन आलो."

त्यांनी तिकडे पाहिलं. अस्मितानेही पाहिलं. टोकापर्यंत गवतच होतं.

बराच वेळ त्यांनी गाडी सुरू केली नाही. मग आरशात न बघता त्यांनी विचारलं, "तुम्ही काही कबूल तर केलं नाही ना?"

"नाही," अस्मिता म्हणाली. आपण इतकं सहज खोटं बोललो, याची तिला गाडीत बसल्या बसल्या लाज वाटली. आई शेजारी डोळे मिटून म्हणत होत्या, "किती गं प्रेमळ बाई!" त्यांनी मागे वळून पाहिलंच नव्हतं. पुढे अस्मिताने ना त्यांना काही सांगितलं, ना धीरजला. काय सांगणार होती?

पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, इमारतीच्या खालच्या दाराची घंटा वाजली. अस्मिताने भिंतीवरच्या छोट्या पडद्यात पाहिलं.

म्हातारी होती. तेच जाकीट, हातात फडक्यात बांधलेला डबा. तिच्यामागे माणसं होती. शाळेच्या गणवेशातल्या मुली, एप्रन लावलेला कोळी, पाठीशी बाळ बांधलेली बाई. सगळ्यांच्या अंगात थंडीचे कपडे. पार काचेच्या दारापर्यंत माणसं होती आणि दाराबाहेरही होती.

"उशीर झाला," म्हातारी म्हणाली. "सगळ्यांना गोळा करता करता वेळ गेला."

अस्मिताने श्वास रोखून धरला. घरात कोणी नाही असं समजून जातील. वसुलीवाल्याला चुकवतात तशी ती भिंतीला चिकटून उभी राहिली. स्वतःच्याच घरात, स्वतः बोलावलेल्या पाहुण्यांपासून लपून. शरमेने तिचे कान तापले.

घंटा पुन्हा वाजली.

"कोण आहे गं?" प्रभावतीबाई आतून आल्या. "अगं, त्याच ना या? उघड की! केवढी माणसं ताटकळलीत."

"आई, नको."

"नको काय? आपणच बोलावलं ना?"

पडद्यातली म्हातारी थोडी थांबली. मागे वळून सगळ्यांना काहीतरी समजुतीचं बोलली. कोणी तक्रार केली नाही. बाळवाल्या बाईने फक्त खाली पाहिलं.

"अडचण असेल. आम्ही समजू शकतो," म्हातारी म्हणाली. "मग तुम्हीच चला आमच्याकडे. जागा करून ठेवलीय."

प्रभावतीबाईंना जपानी म्हणून एकच शब्द येत होता, होकाराचा. अस्मिताचा हात पोचायच्या आत त्यांनी बोलायचं बटण दाबलं आणि हसून, मान लववून म्हणाल्या, "हाय, हाय!"

खाली सगळेच्या सगळे वाकले.

पडदा विझला. अस्मिताने घाईने तो पुन्हा लावला. खाली कोणीही नव्हतं. लादी कोरडी होती.

"गेले," ती म्हणाली. सांगायला हवं होतं. ती माणसं कोण होती, आपण त्यांना काय कबूल केलं, आणि आत्ता तुम्ही कशाला हो म्हणालात. आईंच्या तोंडावर हे कसं सांगायचं, याची जुळवाजुळव करत ती वळली.

प्रभावतीबाई दाराशी बसून पायांत मोजे चढवत होत्या.

"हाताने 'चला' म्हणून खुणावलं की त्यांनी," त्या म्हणाल्या. "आता नाही गेलो तर बरं दिसत नाही."

बाहेर लिफ्ट त्यांच्या मजल्यावर येऊन थांबली.