गुरांच्या औषधाचा कायदा

“आजोबा, गुरांच्या एका औषधावर बंदी आली म्हणून गिधाडं वाचली, असं धड्यात आहे. गुरांच्या औषधाचा गिधाडांशी काय संबंध?”

अकरा वर्षांच्या तन्मयीने हे विचारलं, तेव्हा ती आजोबांबरोबर कोकणातल्या एका डोंगरावर उभी होती. साल होतं २०५२. आजोबा, म्हणजे मोरेश्वर ठाकूर, पूर्वी जनावरांचे डॉक्टर होते. समोर मेलेली म्हैस पडली होती आणि तिचं मांस गिधाडांना चालेल का, हे पाहण्यासाठी ‘तपास्या’ नावाचा यंत्रमानव तिच्या यकृताचा तुकडा तपासत होता.

“मी लहान असताना ढोर मेलं की आभाळ गिधाडांनी भरून जायचं,” आजोबा म्हणाले. “पंखांचा आवाज घरात ऐकू यायचा. मग ती दिसेनाशी झाली. शिकारबंदीचा कायदा होता, पण त्यांची शिकार कोणी करतच नव्हतं.”

“मग मेली कशाने?”

“लंगडणाऱ्या गुरांना आम्ही डायक्लोफेनॅक (दुखणं आणि सूज कमी करणारं औषध) टोचायचो. जनावर लगेच मेलं, तर औषध त्याच्या अंगात उरायचं. ते मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं (रक्त गाळणारे अवयव) बंद पडायची. एका ढोरावर पन्नास-पन्नास गिधाडं जेवायची.” आजोबांनी मेलेल्या म्हशीकडे पाहिलं. “ते औषध मीही टोचलंय, तनू.”

तन्मयीने त्यांचा हात धरला.

“कारण कळलं, तेव्हा २००६ साली बंदी आली. गिधाडांना न बाधणारं दुसरं औषध होतं. तरी काहीजण जुनंच चोरून वापरायचे. मी गोठ्यागोठ्यात जाऊन समजावलं. त्यात माझी वीस वर्षं गेली.”

तपास्याचा दिवा लाल झाला. “मांसात बंदी असलेल्या औषधाचा अंश आहे. म्हैस पुरावी लागेल.”

वर चार गिधाडं घिरट्या घालत होती.

“ती उपाशी आहेत ना?” तन्मयीने वर बघत विचारलं.

“आहेत. पण आज उपाशी राहिली, तर जगतील.”

तपास्याने खोल खड्डा खणून म्हैस पुरली. आजोबांनी ते औषध कुणी टोचलं याच्या चौकशीसाठी पंचायतीला निरोप पाठवला.

तीन दिवसांनी एक म्हातारा बैल मेला. या वेळी दिवा हिरवा लागला. दोघं झुडपाआड बसली. एकेक करत अकरा गिधाडं उतरली. त्यांतलं एक गडद तपकिरी होतं.

“हे यंदाचं पिल्लू,” आजोबा कुजबुजले. “पाच-सहा वर्षांनी स्वतः घरटं बांधेल. वर्षाला एकच अंडं घालतात ती.”

“तेव्हा मी सतरा वर्षांची असेन.”

“मग तू बघायला ये. मी असेन, नसेन.”

“तुम्हीही यायचं,” तन्मयी म्हणाली आणि वहीत त्या पिल्लाचं चित्र काढू लागली.