तीन ओढी, मग दम

शपथेवर सांगतो, यात मीठमसाला नाही. म्हणजे, थोडा आहे. पण कुठे घातलाय ते शेवटी मीच सांगेन, आणि असं मी आजवर कधी केलेलं नाही. मागे याच तोंडानं मी म्हणालो होतो की मासा बोटीपेक्षाही लांबलचक होता. खोटं. मासा आम्हाला दिसलाच नाही.

गेलो होतो दोघं, मी आणि माझा मेहुणा. चाळिशी उलटली तरी त्याला कुणाला नाही म्हणता येत नसे. शेजाऱ्यांचं कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवणारा तोच, आणि नको असलेला चहा तीनदा पिणाराही तोच. निघताना बायकोनं मला दारात अडवलं.

"तुम्ही सांगाल ते तो करत बसेल. कशाला हात लावायला लावू नका. जसा नेताय तसा आणा."

"तुझा भाऊ आहे, काचेचं भांडं नाही."

"म्हणूनच सांगतेय."

हौशी लोकांना खोल समुद्रात मोठ्या माशांमागे नेणारी ती बोट. गाईड एकटाच, बोट चालवायचा तोच, शिकवायचाही तोच. मागच्या बाजूला मधोमध एक फिरती लोखंडी खुर्ची पक्की बसवलेली, सलूनमध्ये असते तशी. तिला खांद्यांवरून, छातीवरून पट्टे. पट्ट्याच्या कड्या गळाच्या काठीवरच्या रिळाला अडकवल्या की माणूस, काठी आणि मासा एकाच दोरीला बांधले गेले समजा.

"तीन ओढा, मग दम घ्या," गाईड म्हणाला.

मेहुण्यानं झाडूचा दांडा धरून सराव केला. दर वेळी चार ओढायचा.

"तीन."

"तीनच की," मेहुणा म्हणाला, आणि पुन्हा चार.

"पाढेही असेच म्हणायचास का रे?" मी विचारलं.

"राहू द्या भावजी, एक ओढ तुमच्या वाटची."

गाईड हसला नाही. "जो बसेल त्यानंच मासा आणायचा. दुसऱ्याचा हात काठीला लागला की मासा त्याचा."

मी बसायला गेलो तर रिकाम्या खुर्चीवर पट्टा बंद होता, बक्कल लावलेलं. गाईडनं ते उघडून दिलं. पट्टा आतून ओला होता. ओला आणि कोमट. न वाळलेल्या कपड्यांचा असतो तसा वास.

"आधीचं गिऱ्हाईक," गाईड म्हणाला, "घामट होतं."

किनारा केव्हाच दिसेनासा झाला होता. वारा पडला. ऊन इतकं डोक्यावर की तिघांपैकी कुणाचीच सावली नाही. गाईडनं इंजिन बंद केलं आणि पाणी बोटीला चाटतंय एवढाच आवाज उरला. मग रीळ कर्र करून सुटलं.

मी ओढायला लागलो. तीन, दम. तीन, दम. बरीच दोरी गुंडाळली. असाच दम घेत होतो तेव्हा खालून ओढ आली. मासा कसा ओढतो ते मला माहीत आहे, वेडावाकडा, जिवाच्या आकांतानं. हे तसं नव्हतं. एक... दोन... तीन. मग थांबलं. मला दम घ्यायला लागतो तेवढंच.

"खाली..." मी म्हणालो, "खाली कोणीतरी बसलंय."

"दोरी ढिली सोडू नका." गाईड पाण्याकडे पाहत नव्हता.

मी बक्कल चाचपलं. पट्टा ताणलेला असला की ते उघडत नाही. दर तिसऱ्या ओढीला खुर्ची कण्हायची आणि बोटीची मागची कड पाण्याला आणखी जवळ जायची. पट्टा बरगड्यांत रुतला होता. श्वासही आता खालचा जेवढा देईल तेवढाच.

"उघडा हे..."

"आतून नाही उघडत," गाईड म्हणाला, आणि त्यानं मेहुण्याकडे पाहिलं.

मेहुण्यानं आमिष कापायची सुरी उचलली, एका घावात दोरी तोडली, आणि संध्याकाळी आम्ही दोघं घरी आलो. बायकोनं दार उघडलं.

तर हा तो मीठमसाला. बोटीवर सुरी नव्हती. आमिष कापूनच आणलेलं होतं.

मी म्हणालो, "जरा धर रे. नुसतं धर." त्याला नाही म्हणता येत नाही, हे मला ठाऊक होतं. त्याची बोटं काठीला लागली तशी दोरी ढिली पडली आणि बक्कल सुटलं. मी उठलो, तो बसला. गाईडनं पट्टा लावला. मी तोंडावर पाणी मारायला वळलो. पाठीमागे रीळ वाजत होतं. मग वाजेना. वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी, बक्कल लावलेलं, आणि गाईड फडक्यानं पट्टा पुसत होता.

पोलिसांना सांगितलं, तोल गेला. याला आठ वर्षं झाली. बायको कधीमधी म्हणते, "ते सुरीचं सांगा ना," आणि डोळे मिटून ऐकते. त्या गोष्टीत तो घरी येतो.

बाकी सगळं खरं आहे. भर दुपारी जेवून आडवा झालो की खांद्यांत, पट्टा होता नेमक्या त्याच जागी, ओढ बसते. मग थांबते, कुणाला दम घ्यायला लागतो तेवढीच.

मी मोजतो. दर वेळी चार.