चौथा ठोका

जो प्रत्येक देहात न थकता जागा राहतो, ज्याच्या सत्तेने श्वास आत येतो आणि बाहेर जातो, आघाताशिवाय उमटणारा नाद हेच ज्याचे रूप आहे, त्या हृदयस्थ परमात्म्याला आधी वंदन. श्रोतेहो, दिवा थोडा जवळ घ्या आणि चित्त स्वस्थ ठेवा. ही गोष्ट एका गाडीची आहे.

एका गावाच्या टोकाला, जिथून डोंगराचा रस्ता चढू लागतो, तिथे एका मिस्त्रीचे गॅरेज होते. वर पत्र्याचे छप्पर, मधोमध गाडीखाली उतरण्याचा खड्डा, भिंतीवर पान्यांची रांग आणि रांगेच्या शेवटी खिळ्याला लटकवलेली हातभर लांबीची लाकडी काठी. ही काठी म्हणजे मिस्त्रीचे खरे हत्यार. चालू इंजिनावर तिचे एक टोक टेकवायचे, दुसरे कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मग लोखंड आपले दुखणे आपणच सांगू लागते, असे तो म्हणे. साठी उलटून गेली होती, तोंडात वरखाली कवळी आली होती, पण कान शाबूत होते. गॅरेजमागच्या दोन खोल्यांत त्याचा संसार होता. त्याची बायको दारात उभी राहून आल्यागेल्याला सांगे, "चार भिंतींपलीकडे खिळा पडला तर ह्यांना ऐकू येतो. मी तिसऱ्यांदा हाक मारते आहे, ती तेवढी येत नाही."

हिवाळ्यातली दुपार होती. सकाळपासून उतरलेले धुके हटले नव्हते आणि दुपारीच दिवेलागण झाल्यासारखे वाटत होते. अशा वेळी रस्त्यावरून एक ओळखीचा आवाज आला आणि मिस्त्रीच्या हातातला पाना थांबला. ती गाडी त्याने चार वर्षांत पाहिली नव्हती. लाल रंगाची, दोन माणसांपुरती, जमिनीला चिकटून चालणारी जुनी स्पोर्ट्स कार. गावात तशी दुसरी नव्हती.

ती गाडी घड्याळजींची. घड्याळे दुरुस्त करणारा तो माणूस मिस्त्रीचा जिवलग होता. भंगारातून आणलेली ही गाडी दोघांनी मिळून उभी केली होती. मिस्त्रीने एका लाकडाच्या दोन काठ्या कातून घेतल्या होत्या, एक स्वतःला, एक त्याला. घड्याळजी मात्र काठी कानाला लावत नसत, दातांत धरत. पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता, त्यामुळे त्यांच्या काठीवर दातांच्या खुणांत एक फट उमटे. आणि चार वर्षांपूर्वी डोंगराच्या वळणावर ही गाडी उभी सापडली, बॉनेट उघडे, इंजिन चालू, आणि घड्याळजी पुढे वाकलेले, निष्प्राण. हृदय बंद पडले, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यांची काठी पुष्कळ शोधली. ती सापडली नाही.

आज गाडीतून उतरल्या त्या त्यांच्या धाकट्या बहीण. शाळेत गणित शिकवत असल्याने सारा गाव त्यांना बाई म्हणे. भावामागे कापडाखाली झाकून ठेवलेली गाडी त्यांनी अलीकडेच बाहेर काढली होती. खोल आसनातून उठताना त्यांनी दाराला धरले आणि क्षणभर तशाच थांबल्या.

"फार बुटकी गाडी. दादाला काय हौस होती देव जाणे. उठताना दम लागतो बघा."

"वय गाडीचं म्हणायचं की आपलं?" मिस्त्री हसला.

"दोघांचंही म्हणा. मिस्त्री, हिच्यात एक आवाज आहे. कधी येतो, कधी नाही. तीन ठिकाणी दाखवली. तिघांनीही काही नाही म्हणून परत पाठवलं. उद्या मला डोंगरापलीकडे जायचंय. लेकीचे दिवस भरत आलेत, जावई परगावी. तुम्ही हो म्हणालात तर पहाटे निघते, नाही म्हणालात तर नाही. तुमच्या शब्दावर आहे."

त्यांनी पिशवीतून एक वही काढली. कोणत्या तारखेला आवाज आला, इंजिन थंड होते की तापलेले, चढ होता की सपाटी, हे सारे त्यात रकाने आखून लिहिले होते. मिस्त्री पाने उलटत गेला. थंड असताना आला होता, तापल्यावरही आला होता. चढावर आला होता, उभ्या गाडीतही आला होता. शेजाऱ्याने दोनदा गाडी नेली, तेव्हा मात्र आला नव्हता.

"आवाज कसा आहे?"

"ठोक्यासारखा. तीन ठोके नीट पडतात, आणि..." बाईंनी बोटाने बॉनेटवर तीनदा टकटक केली. "चौथा चुकतो."

मिस्त्रीने वही मिटली.

हे शब्द त्याने ऐकले होते. याच जागी, याच गाडीपाशी, चार वर्षांपूर्वी. "मिस्त्री, हिचा चौथा ठोका चुकतो," घड्याळजी म्हणाले होते. त्याने दोन दिवस गाडी तपासली. त्याची एक रीत होती: गाडी ऐकताना मालकाला बाहेर उभे करायचे. मालक आत बसला की बोलतो, हलतो, आवाजात आवाज मिसळतो. घड्याळजी बाहेर उभे राहिले, मिस्त्रीने काठी लावली, आणि इंजिन सुरेल निघाले. तेव्हा तो थट्टेने म्हणाला होता, "आवाज गाडीत नाही, तुमच्या कानात आहे. दिवसभर टिकटिक ऐकून दुसरं काय होणार?" घड्याळजी हसले होते. आठवड्याने ते गेले. ती थट्टा मिस्त्रीने कोणापाशी बोलून दाखवली नव्हती, पण देवापुढे हात जोडताना रोज तीच पहिली आठवे.

त्याने गाडी आत घेतली आणि मोठे दार ओढले. धुके फटींतून आत येत होते. बल्ब पिवळा पडला होता. तेलाच्या आणि थंड लोखंडाच्या वासात आणखी एक वास मिसळला होता, घड्याळाच्या बारीक तेलाचा. तो जुन्या आसनांना राहिला असेल, असे त्याने मनाला सांगितले.

"बाई, तुम्ही बाहेर..." तो सवयीने म्हणाला.

"बाहेर गारठा आहे हो, आणि पायांत त्राणही नाही. मी आतच बसते. गप्प बसेन, वर्गातल्या मुलांसारखी."

आणि त्या गाडीत बसल्या. नको म्हणणे त्याच्या जिवावर आले.

त्याने इंजिन चालू केले. काठी घेतली, डोळे मिटले. टॅपेटची बारीक टिकटिक, साखळीची सळसळ, कार्बोरेटरचा श्वास. सारे जागच्या जागी. आणि मग त्या साऱ्याच्या तळाशी, फार खोल...

डग. डग. डग.

मग काहीच नाही.

डग. डग. डग.

मिस्त्रीने फॅनबेल्ट उतरवला. आवाज राहिला. एकेका प्लगची वायर काढून पाहिली, इंजिन लंगडले, पण आवाज राहिला. इंजिनाखालचे रबर पाहिले, सायलेन्सरचा पत्रा दाबून धरला. मग त्याने इंजिन जोरात फिरवले. इंजिनातला कोणताही आवाज वेगाबरोबर भरभर होतो, ही त्याच्या विद्येची पहिली पायरी. इंजिन गरजले, पत्रा थरथरला, पण तळाचे ठोके तसेच सावकाश पडत राहिले. त्यांना इंजिनाशी देणेघेणे नव्हते.

त्याने किल्ली फिरवली. इंजिन थांबले. गॅरेजमध्ये अशी शांतता पसरली की पत्र्यावरून ओघळणारे दव ऐकू यावे.

काठी अजून त्याच्या कानामागे होती.

डग. डग. डग.

"सापडलं का?" बाईंनी हळूच विचारले.

"बाई... जरा उतरता का?"

त्या दाराला धरून उतरल्या. ठोके थांबले.

"आता पुन्हा बसा."

त्या बसल्या. ठोके सुरू झाले.

"मिस्त्री, असं काय बघताय? गाडी इतकी बिघडलीय का?"

मिस्त्री दारापाशी गुडघ्यांवर बसला. "हात द्या जरा," तो म्हणाला, आणि तेलकट बोटे त्यांच्या मनगटावर ठेवली. दुसऱ्या हाताने काठी बॉनेटखाली पोहोचवून कानाशी धरली. बोटांखाली एक, दोन, तीन. काठीत एक, दोन, तीन. आणि दोन्हीकडे एकाच क्षणी ती पोकळी, जिच्यात पाऊल टाकावे आणि पायरी नसावी.

त्या क्षणी त्याला चार वर्षांपूर्वीचे सारे उमगले. घड्याळजी काठी दातांत धरून जे ऐकत होते, ते इंजिन नव्हते. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या घड्याळांचा चुकलेला ठोका पकडला, त्याने स्वतःचाही अचूक पकडला होता, आणि तो सांगायला मित्राकडे आला होता. मित्राने यंत्राचे ऐकले. माणसाला बाहेर उभे केले.

"बाई, उद्या डोंगर चढायचा नाही," तो म्हणाला. "आत्ता, ह्या पावली, दवाखान्यात जायचं."

"मी? दुरुस्तीला गाडी आणली होती."

"चेष्टा करू नका. मी एकदा केली होती. पुरे झाली."

त्याने मागच्या दाराकडे पाहून हाक मारली. बायको पदराला हात पुसत आली आणि बाईंचा चेहरा पाहून काही न विचारता त्यांच्याशेजारी बसायला तयार झाली. मिस्त्रीने आपली जुनी मालवाहू गाडी काढली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "तुम्हाला इथे कोणी पाठवलं?"

"मिस्त्रीनं," बाई म्हणाल्या.

"त्यांचे आभार माना. उद्याचा चढ तुम्हाला झेपला नसता."

बाईंच्या गळ्यालगतच्या हाडाखाली एक लहानसे यंत्र बसवले गेले, जे चुकणारा ठोका भरून काढते. पंधरवड्यात त्या हिंडूफिरू लागल्या. लेकीला मुलगा झाला, आणि बाळंतिणीलाच आईकडे आणले. सारे गोड झाले. गाडी मात्र बाईंनी परत नेली नाही. "तुमच्याकडेच राहू द्या मिस्त्री," त्या म्हणाल्या. "दादाने मला हाक मारली, मी ऐकली. आता गाडीला विश्रांती."

मिस्त्रीच्या छातीवरचा धोंडा निम्मा उतरला. उरलेला निम्मा उतरायचा नसतोच, आणि तो त्याने देवाच्या पायाशी ठेवून दिला होता. बायकोची पहिली हाकही त्याला आताशा ऐकू येऊ लागली होती.

पण श्रोतेहो, गोष्ट इथे संपली असती तर मी दिवा जवळ घ्यायला सांगितला नसता.

त्यानंतर तीन दिवस मिस्त्री आणि त्याची बायको बाळाला पाहायला आणि तिथून नात्यात एका ठिकाणी गेली होती. गॅरेजला कुलूप होते, किल्ली मिस्त्रीच्या कमरेला. परत आल्यावर त्याने दुपारी दार उघडले. धुके त्या दिवशीही होते. लाल गाडी कापडाखाली होती तशीच होती. त्याने काठी घ्यायला खिळ्याकडे हात नेला आणि हाताला ओल लागली.

काठी त्याचीच होती. तिला कधी कोणाचा दात लागला नव्हता. तिच्या टोकाला आता दातांच्या खुणा होत्या, ताज्या, ओलसर. आणि पुढच्या दातांच्या जागी एक फट होती.

मग त्याने कापड काढले, बॉनेट उघडले. गाडीत कोणी नव्हते. महिनाभर इंजिनाला किल्ली लागली नव्हती. लोखंड बर्फासारखे होते. त्याने काठी टेकवली.

डग. डग. डग.

आणि मग ती पोकळी.

त्याने स्वतःचे मनगट धरले. त्याचे ठोके भीतीने भरभर पडत होते, पण एकही चुकत नव्हता. काठीतले ठोके वेगळे होते, सावकाश, वाट पाहणारे. त्याने बायकोला बोलावून तिचा हात पाहिला. "आज काय हे? म्हातारपणी हात धरायची हौस?" ती म्हणाली. तिचे ठोके पूर्ण होते. दुसऱ्या दिवशी बाईंचे पाहिले, लेकीचे पाहिले, तान्ह्याची मूठही दोन बोटांत धरून पाहिली. सगळे पूर्ण.

तेव्हापासून त्या गॅरेजात कोणीही आले की मिस्त्री आधी त्याचा हात हाती घेतो, गाडीचे मागाहून विचारतो. मालकाला तो आता बाहेर उभे करत नाही. लोक हसतात, म्हणतात, मिस्त्रीला वैद्यकी चढली. त्याने शेकडो मनगटे पाहिली. रोज संध्याकाळी, दार ओढण्यापूर्वी, तो थंड इंजिनावर काठी टेकवतो. तीन ठोके अजून पडतात आणि चौथा अजून चुकतो. तो कोणाचा, हे त्याला अद्याप सापडलेले नाही. एवढेच तो जाणतो की घड्याळजींनी आवाज कधी उगाच सांगितला नव्हता.

म्हणून, श्रोतेहो, उठण्यापूर्वी आपापल्या मनगटावर दोन बोटे ठेवा, आणि शेजारी बसलेल्याच्याही. जो हृदयस्थ आहे तो तुम्हा सर्वांचे ठोके पूर्ण राखो. तुमच्या घराघरांत बोलणाऱ्याचे ऐकणारा कोणीतरी असो. वाटेवरचे आपले माणूस सुखरूप उंबऱ्याच्या आत येवो, आणि या दिव्याखाली बसलेल्यांत ते मनगट कोणाचेही नसो.