विहिरीवरच्या झाडाचं संत्रं

वच्छलाने जिमखान्याच्या खोलीचं दार ढकललं, आणि आत एकटाच बसलेल्या तरुणाने हातातली चिठ्ठी घाईघाईने खिशात कोंबली.

एवढंच झालं. पण चोर पकडला जावा तसा तो दचकला, आणि चोर पाहिल्यासारखी तीही.

"मी... मले सरांनी पाठवलं. फिशपाँडच्या कमिटीत," ती म्हणाली.

"बसा न. मी धर्मपाल. बार्शीटाकळीचा."

"अन् खिशात काय आहे?"

"काही नाही." त्याचे कान लाल झाले होते.

परक्या मुलाशी वच्छला इतकं पहिल्यांदाच बोलली होती. आता तुम्ही हसाल, पण बासष्ट सालचा जानेवारी होता तो. कॉलेजातल्या मुली लेडीज रूममध्ये बसायच्या, सर निघाले की त्यांच्या मागोमाग वर्गात शिरायच्या, आणि तास संपला की त्यांच्याच मागोमाग बाहेर. शेंदूरजनाघाटच्या जानरावांची ही मुलगी राजापेठेत माणिकमावशीकडे राहून चार वर्षं अशीच शिकली. दिवाळीत जानरावांनी सांगून टाकलं होतं, "अकोल्याच्या पाव्हण्यायले फोटो पसंत आहे. परीक्षा झाली का लगन." मग मात्र वच्छलाने मनाशी ठरवलं, की शेवटची टर्म आपली. ती मावशीच्या अंगणात सायकल शिकली, दोनदा पडली, वादविवाद मंडळात नाव घातलं, आणि गॅदरिंगच्या कमिटीतही घातलं.

फिशपाँड म्हणजे तेव्हाची मोठी गंमत. गॅदरिंगच्या आधी महिनाभर एक पेटी टांगायची. ज्याला ज्याची फिरकी घ्यायची असेल त्याने बिननावाची चिठ्ठी टाकायची, सोबत काहीतरी भेट. स्टेजवरून चिठ्ठी वाचली गेली, की ज्याच्या नावाची त्याने भर सभेत उठून भेट घ्यायची. वाह्यात चिठ्ठ्या आधीच बाजूला काढणं, हे कमिटीचं काम.

रोज चार ते पाच. धर्मपाल कोऱ्या चेहऱ्याने वाचायचा, "भांग पाडण्यात ज्यांची तीन वर्षं गेली आणि डिग्री राहिली, त्यांना भेट, कंगवा..." आणि वच्छला पदरात तोंड खुपसून हसायची. निवडलेल्या चिठ्ठ्या तो वळणदार अक्षरात वहीत उतरवायचा. तिची नजर वहीवरून त्याच्या बोटांवर जायची, बोटांवरून पुन्हा वहीवर.

"तुमी हसता तवा आवाज काहून दाबता?" एकदा त्याने विचारलं.

"सवय आहे."

"वाईट आहे सवय."

पाचव्या दिवशी ती सहज बोलून गेली, "माह्यावर चार वर्षांत एकही फिशपाँड नाही पडला. मी कोनाले दिसलीच नाही वाटते."

धर्मपालची लेखणी थांबली. 

"पडले होते," तो म्हणाला. "मागच्या वर्षी चार. यंदा सात. मी काढून घेतले."

वच्छलाला वाटलं, आपण बसलेली खुर्चीच कुणी ओढून घेतली.

"काहून?"

"तुमच्यावर सारा हॉल हसन, ते मले... पाहवलं नसतं."

"तुमाले कोनं सांगतलं होतं?" तिचा आवाज चढला. "मले हसून घ्यायचं होतं. एक डाव साऱ्यायच्या समोर उभं राहायचं होतं. आता दोन महिन्यांनी मी जाईन, अन् कोनाले आठवनारही नाही, का वच्छला नावाची एक पोरगी इथं शिकत होती."

त्याने खिशातून आणि कपाटातून मिळून एक गठ्ठा काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

"चूक झाली माही," तो म्हणाला, आणि खरंच त्याचा चेहरा उतरला होता.

घरी जाऊन तिने चिठ्ठ्या वाचल्या. दोन घाणेरड्या होत्या, त्या चुलीत घातल्या. बाकीच्या बापड्या साध्याच. पण अकराऐवजी बारा निघाल्या, आणि बारावीचं अक्षर वळणदार होतं. "वच्छलाबाईंस. चार वर्षं सरांच्या सावलीत आलात, एकदा उजेडात या. भेट: देणाऱ्याची हिंमत झाली नाही." वच्छला तशीच चुलीपुढे बसून राहिली. वरचं दूध उतू गेलं, मावशी ओरडली, तेही तिला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने ती चिठ्ठी त्याच्या वहीवर ठेवली. "ही कोनाची?"

"गठ्ठ्यात राहून गेली..." मग त्याने वर पाहिलं. "माही."

"मंग हिंमत काहून नाही झाली?"

"वच्छलाबाई, माह्यं पाळण्यातलं नाव डोमा. छप्पन सालानंतर बापानं शाळेत जाऊन धर्मपाल लिहून देल्लं. नाव बदललं, मीही बदललो. पन तुमच्या मावशीच्या घरी मी पानी मांगतलं, तर गिलास कोनता भेटन?"

 मावशीच्या मागच्या दारी, कोनाड्यात एक वेगळा गिलास होता. लहानपणापासून ती तो पाहत आली होती, आणि त्याच्याकडे आपण कधी नीट पाहिलंच नाही, याचा तिला त्या क्षणी जबर धक्का बसला. ती मान खाली घालून निघून आली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

गॅदरिंगच्या दिवशी सकाळी जानराव संत्र्यांची टोपली घेऊन दाराशी हजर.

"उद्या अकोल्याले जातो," ते मावशीला म्हणाले. "सुपारी फोडून येतो."

वच्छलाने टोपलीत वाकून पाहिलं. ती संत्री विहिरीवरच्या झाडाची होती. जानरावांच्या बागेत झाडं उदंड, पण विहिरीवरचं ते झाड तिच्या आजोबांनी लावलेलं. त्याचं फळ बाजारात जात नसे. ते घरच्याला द्यायचं, नाहीतर सोयऱ्याला, आणि तेही देठाला दोन पानं ठेवून. ही टोपली अकोल्याच्या दारात उतरली, की बोलणं संपलं.

वडील आंघोळीला गेले. वच्छलाने एक चिठ्ठी लिहिली, टोपलीतून एक संत्रं काढलं, दोन्ही पदराखाली घेतलं, आणि निवडलेल्या चिठ्ठ्यांच्या पेटीत गुपचूप घालायला कॉलेजची वाट धरली. वडील दिवसभर बाजारात असतील, असा तिचा हिशेब होता. मावशी त्यांना आग्रहाने गॅदरिंगला घेऊन येईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

हॉल गच्च भरला होता. पालकांच्या रांगेत वच्छलाला वडिलांचा तांबडा पटका दिसला. आता पेटीतून चिठ्ठी काढणं शक्य नव्हतं. सर वाचतच होते.

"बार्शीटाकळीचे धर्मपाल यांस. दुसऱ्यांचे फिशपाँड खिशात घालता, आता एक स्वतःचा झेला. सावलीतलं माणूस उजेडात आलं आहे. भेट: एक संत्रं."

शिट्ट्या, टाळ्या, बाकांवर थापा. धर्मपाल उठला. चिठ्ठी कुणाची ते त्याला पहिल्याच ओळीला कळलं असावं, कारण स्टेजच्या पायऱ्या चढताना तो अडखळला. त्याने संत्रं हातात घेतलं.

"थांबा जराक, सर."

जानराव उभे होते. ते चालत स्टेजपाशी गेले, आणि हॉल एकदम चिडीचूप झाला. त्यांनी संत्र्याचा देठ पाहिला, दोन पानं पाहिली.

"हे माह्या विहिरीवरच्या झाडाचं आहे. कोनं देल्लं?"

"फिशपाँडले नाव नसते, जी," धर्मपाल शांतपणे म्हणाला. "नेमच आहे तसा."

तो तिला झाकत होता. पुन्हा एकदा. तिने फक्त गप्प बसायचं होतं, मग सगळं निभावलं असतं, आणि उद्या टोपली अकोल्याला गेली असती.

"मी देल्लं, बाबा."

पाचशे माना वळल्या. चार वर्षांत अख्ख्या कॉलेजने तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला, आणि ऐकून पोरांच्या तोंडचे फुटाणे तोंडातच राहिले. मावशीने कपाळाला हात लावला.

"त्या झाडाचं फळ कोनाले देतात, मालूम आहे न तुले?"

"मालूम आहे."

"मालूम असून देल्लं?"

"हाव." ती उठून उभी होती, आणि उभीच राहिली.

जानराव धर्मपालकडे वळले. "तू कोनाचा रे?"

"बार्शीटाकळीच्या नत्थुजीचा. आमी बौद्ध." त्याने नजर खाली घेतली नाही. मग तिथेच, स्टेजच्या पायरीवर, त्याने संत्रं सोललं. सालीचा वास पहिल्या रांगेपर्यंत आला. दोन फोडी सोडवून त्याने हात पुढे केला. "घ्या. तुमच्याच झाडाचं आहे."

हात तसाच राहिला. वच्छलाला कोनाड्यातला गिलास दिसत होता, दुसरं काहीच दिसत नव्हतं. जानराव त्या हाताकडे पाहत राहिले... किती वेळ, कुणास ठाऊक. आणि मग त्यांनी फोड उचलली, तोंडात टाकली आणि बी तळहातावर घेतली.

"आंबट उतरलं यंदा," ते म्हणाले.  "हे पाहा पोट्टेहो, मी हो म्हटलं नाही. अजून काहीच म्हटलं नाही. परीक्षा होऊ द्या, मंग तुह्या बापाले घेऊन ये शेंदूरजन्याले. अन् मानके, ते अकोल्याचं टोपलं घरीच राहू दे."

ते जाऊन बसले. सर चष्मा पुसत राहिले, पुढची चिठ्ठी वाचायचं त्यांना सुचेना.

धर्मपाल पायऱ्या उतरला आणि मुलींच्या रांगेपाशी थांबला. उरलेलं संत्रं त्याने वच्छलासमोर धरलं.

"माह्या चिठ्ठीसंगं भेट द्यायची राहिली होती," तो म्हणाला.

"हिंमत झाली वाटते," ती म्हणाली, आणि तोंडावर पदर न घेता हसली.